मधली जागा

पेटीवर पेंटरने माझं आडनाव चुकीचं लिहिलं आणि ते सात वर्षं तसंच राहिलं. दीर्घ वेलांटीच्या जागी त्याने ऱ्हस्व काढली. आबा म्हणाले, “राहू दे, पेटी काय परीक्षेला बसणार हाय का?” जुलै 2005. पत्र्याची निळी पेटी, दोन कुलपं, बादली, मग, दोन टॉवेल आणि आईने फडक्यात बांधून दिलेले धपाटे एवढं घेऊन आम्ही बापलेक एसटीने जिल्ह्याच्या नवोदय विद्यालयात, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेत, पोचलो. बाकी सगळं तिथंच मिळणार होतं. गणवेश, गादी, चादर, पुस्तकं, वह्या, अंगाचा साबण, कपड्याचा साबण, डोक्याचं तेलसुद्धा. यादी वाचून दाखवणाऱ्या सरांना आबांनी दोनदा विचारलं, “आन् ह्याचे पैसे कवा भरायचे?” सर हसले. सहावी ते आठवी काहीच नाही. नववीपासून महिन्याला 200 रुपये विकास निधी, तोही मुलींना, अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या मुलांना माफ. (आता 600 झालेत.) आबांचा काही विश्वास बसला नाही. निघताना त्यांनी माझ्या खिशात वीस रुपये कोंबले, मागितलेच कुणी तर असावेत म्हणून.

आमच्याकडे ‘नवोदयला नंबर लागला’ हे ‘नोकरी लागली’च्या सुरात सांगतात. पाचवीत असताना परीक्षा द्यायची, ती आयुष्यात एकदाच देता येते, आणि जिल्ह्यातून घेतात जास्तीत जास्त ऐंशी मुलं. चाळीस-चाळीसच्या दोन तुकड्या, संपलं. त्यातल्या किमान पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण भागाच्या, म्हणून आमच्यासारख्यांचा निभाव लागतो. 1985-86 मध्ये देशात पहिली दोनच नवोदय विद्यालयं सुरू झाली, एक हरियाणात झज्जरला आणि एक आपल्या अमरावतीला. आज सहाशेच्या वर आहेत. हे सगळं मी फार नंतर वाचलं. तेव्हा एवढंच ठाऊक होतं, की झेडपीच्या शाळेतले गुरुजी शाळा सुटल्यावर आम्हा तिघांना ओसरीवर बसवून ‘गटात न बसणारी आकृती ओळखा’ करून घेत. चौकोनातला काळा ठिपका पुढच्या चौकोनात कुठे गेला हे सांगण्यात मी पटाईत झालो होतो. त्या ठिपक्याच्या जोरावर घर सुटलं.

पहिल्या रात्री रडलो का, असं लोक हटकून विचारतात. नाही रडलो. रडायला थोडा तरी एकांत लागतो. घरी दोन खोल्यांत आम्ही सहा जण झोपायचो, तेव्हा गर्दीचं काही वाटलं नव्हतं. पण इथे एका लांबलचक हॉलमध्ये दुमजली कॉट, वर एक आणि खाली एक. मला वरची मिळाली. दिवे गेल्यावर आवाज सुरू झाले. कुणीतरी दात खात होतं. कुणाची तरी कॉट कुरकुरत होती. एका पेटीची कडी मध्येच वाजायची. संडासाकडचा नळ टपटप गळत होता. बाहेर कुठंतरी पाण्याची मोटर चालू झाली. मी छताकडे बघत एकेक आवाज मोजत पडलो. सकाळी साडेपाचला घंटा झाली तेव्हा मी जागाच होतो, आणि ती घंटा हा त्या रात्रीतला मला ओळखू आलेला पहिला आवाज होता. शाळेची घंटा सगळीकडे तशीच वाजते.

दिवस कसा जायचा ते सांगायला वेळ लागत नाही, कारण सात वर्षांत तो फारसा बदलला नाही. साडेपाचला घंटा, मैदानावर पीटी, अंघोळ, नाश्ता, प्रार्थना. मग दुपारपर्यंत शाळा. जेवण. तासभर सक्तीची विश्रांती. पुन्हा वर्गात अभ्यास किंवा कच्च्या मुलांसाठी रिमेडियल, मग खेळ, संध्याकाळचा रोलकॉल, त्यानंतर प्रेप म्हणजे देखरेखीखालचा अभ्यास, जेवण, पुन्हा अभ्यास, दहाच्या आसपास लाइट ऑफ. सगळीकडे रांग आणि सगळीकडे मोजणी. अरावली, निलगिरी, शिवालिक, उदयगिरी ही चार हाउसं, म्हणजे मुलांचे गट. देशातल्या कुठल्याही नवोदयात जा, हीच नावं आणि रंगही हेच, निळा, हिरवा, लाल, पिवळा. मी उदयगिरीत होतो. पिवळा टीशर्ट तीन धुण्यांत पांढरा होतो आणि पांढरा टीशर्ट तीन धुण्यांत पिवळा, हे ज्ञान मला तिथं मिळालं.

या वेळापत्रकातली सगळ्यात मोलाची गोष्ट कोणती, असं मला कुणी विचारलं तर मी दुपारची विश्रांती म्हणेन. पालकांना ते पटत नाही. त्यांना पहाटेचं उठणं आवडतं, त्याबद्दल ते चारचौघांत सांगतात. पण पहाटेच्या पीटीमुळे मी हुशार झालो असा काही पुरावा माझ्याकडे नाही. दुसऱ्या तासाला डुलकी यायची याचे मात्र भरपूर साक्षीदार आहेत. दुपारी तासभर आडवं झालं की संध्याकाळच्या प्रेपला डोकं जागेवर असायचं. ज्या दिवशी ती झोप बुडे, त्या दिवशीची प्रेप पाण्यात जाई.

आता प्रेपविषयी.

पहिले दोन-अडीच महिने मी प्रेपमध्ये एक अक्षर वाचलं नाही. वाचायचं नव्हतं असं नाही, जमत नव्हतं. चाळीस मुलं एका वर्गात, आणि प्रत्येकाचं काही ना काही चालू. एक जण पेन्सिलीला टोक करतोय, एक जण ओठांत पुटपुटतोय, मागचा बाकावर गुडघा आपटतोय. मी एक ओळ वाचायचो, तेवढ्यात कुणीतरी खोकायचं आणि ओळ पुसली जायची. पुन्हा पहिल्यापासून. म्हणून मी सोपा मार्ग काढला. पुस्तक उघडं ठेवायचं, बोट ओळीखाली ठेवायचं, आणि मनात सावकाश दोनशेपर्यंत आकडे मोजून झाले की पान उलटायचं. बघणाऱ्याला वाटावं, केवढा एकाग्र मुलगा आहे. हे मी इतकं मन लावून केलं, की तेवढ्या मेहनतीत एखादा धडा पाठ झाला असता.

पहिल्या घटक चाचणीत गणितात पंचवीसपैकी सात पडले. गावाकडे मी वर्गात पहिला यायचो. इथे बसलेला प्रत्येक जण आपापल्या गावात पहिला यायचा, हे त्या सात मार्कांनी कळलं. आमचे हाउसमास्तर गणितच शिकवायचे. ते रागावले नाहीत. संध्याकाळी प्रेपला माझ्या शेजारी येऊन बाकावर बसले. मी बोट ओळीखाली ठेवून, मनात आकडे मोजत, वेळ झाल्यावर पान उलटलं. सर म्हणाले, “आता पुस्तक मीट आणि मागच्या पानावर काय होतं ते सांग.”

मी गप्प.

“बरं, कोण खोकतंय ते सांग.”

हे मात्र मला येत होतं. मी मागे न बघता सांगितलं, खिडकीपाशी बसलेला, चष्मेवाला. पेन्सिल कोण तासतंय? तिसऱ्या बाकावरचा, डावखुरा. गुडघा कोण आपटतंय? सरांनी आणखी दोन-तीन आवाज विचारले, एक सोडून सगळे बरोबर आले. ते म्हणाले, “म्हणजे तुझं लक्ष पक्कं आहे. नको तिथं आहे एवढंच. जो आवाज ओळखीचा झाला, त्याच्याकडे परत कशाला जातोस? तो त्याचं काम करतोय. उद्या येतो.” आणि खरंच दुसऱ्या दिवशी आले. आठवडाभर येत राहिले. पुस्तक मिटायला लावायचे, सांगायला लावायचे, आणि उठून जायचे.

त्या आठवड्यात मला जे उमगलं ते असं. आवाजाला मालक मिळाला की तो छळायचा थांबतो. पहिल्या रात्री मी छताकडे बघत पडलो होतो, कारण दात खाणारा कोण ते माहीत नव्हतं. तो माझ्या समोरच्या खालच्या कॉटवरचा, जंतांचं औषध घेऊनही दात खाणारा मुलगा आहे हे कळल्यावर मला त्या आवाजावर झोप यायला लागली. प्रेपमध्येही तसंच. मी वहीच्या मागच्या पानावर वर्गाचा नकाशा काढला आणि प्रत्येक बाकावर त्याचा आवाज लिहिला. सगळे आवाज भरून झाले आणि मग त्यांत काही नवल उरलं नाही. सुरुवातीला ओठ हलवून वाचायचो, म्हणजे माझा आवाज इतरांच्या आवाजाच्या वर राहायचा. मग नुसते ओठ हलायचे. दिवाळीनंतर तेही थांबले.

मधल्या दिवाळीच्या सुट्टीत मात्र फजिती झाली. घरी गेल्यावर सगळ्यांनी मला अभ्यासासाठी मागची खोली मोकळी करून दिली. आजीने शेजारच्या पोरांना हाकलून लावलं, टीव्ही बंद. “पोरगं नवोदयचं हाय, अभ्यास करतंय,” असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत ओट्यावर बसली. आत मी पुस्तक उघडून बसलो आणि काहीच होईना. खोकणारा नाही, गुडघा आपटणारा नाही. कान त्यांना शोधत राहिले. शेवटी मी पुस्तक घेऊन गोठ्यात जाऊन बसलो. म्हैस रवंथ करत होती, पत्र्यावर कावळे नाचत होते. तिथं दोन धडे झाले. आजीला वाटलं पोराला कुणीतरी करणी केली.

हळूहळू आणखी काही सवयी लागल्या. त्यातली सगळ्यात उपयोगी पडलेली सवय वेळापत्रकात नव्हती. लाइट ऑफ झाल्यावर बोलायला बंदी, पण कुजबुज कुणी मोजत नाही. माझ्या खालच्या कॉटवरचा मुलगा भूमितीत तयार होता, मी इतिहासात. अंधारात तो खालून विचारायचा आणि मी वरून सांगायचो. मग उलट. पुस्तक नाही, वही नाही, दिवा नाही, त्यामुळे चोरून बघायची सोय नाही. जे डोक्यात आहे तेवढंच बाहेर येतं. बऱ्याचदा वाटायचं की पाठ आहे, आणि अंधारात तोंड उघडल्यावर दुसऱ्याच वाक्याला अडायचं. जिथं अडलं ते सकाळी अंघोळीच्या रांगेत उभ्याउभ्या बघून घ्यायचं. बादली पुढे सरकवत सरकवत मी किती सनावळ्या पाठ केल्या असतील, हिशेब नाही. भूमितीची प्रमेयं अंधारात सांगणं फार अवघड. आकृती दाखवता येत नाही, ‘डावीकडचा तो कोन’ म्हणून चालत नाही, प्रत्येक बिंदूचं नाव घ्यावं लागतं. तो मुलगा आज इंजिनीयर आहे. अजूनही फोनवर पत्ता सांगतो तेव्हा प्रमेय सांगितल्यासारखा सांगतो.

वह्यांचं एक. वर्ष संपलं की सगळ्यांच्या वह्यांतली कोरी पानं फाडून आम्ही ती दाभणाने शिवायचो आणि त्याची कच्ची वही व्हायची. चांगल्या वहीत चूक करायला भीती वाटते. कच्च्या वहीत मी एकेक गणित चार-चार वेळा चुकवलं.

रविवार कपड्यांचा. सकाळी टाकीजवळ दगडांसाठी भांडणं, दुपारी पत्र. तेव्हा पोस्टकार्ड पन्नास पैशांना मिळायचं. आबांना लिहिता-वाचता येत नव्हतं, माझं पत्र शेजारचे गुरुजी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवत. हे ठाऊक असल्यामुळे माझ्या प्रत्येक पत्रात ‘मी मजेत आहे, अभ्यास चांगला चालला आहे’ याखेरीज काही नसायचं. गणितातले सात मार्क गावाला कधीच कळले नाहीत. पालकांच्या भेटीचा रविवार महिन्यातून एकदा. ज्यांचे आईवडील येत ते लिंबाखाली बसून डबा खात, आणि ज्यांचे येत नसत ते त्या लिंबाच्या आसपास काहीतरी काम काढून फिरत. माझी आई मजुरीचा दिवस बुडवून दोन-तीन महिन्यांतून एकदा यायची. ती आली की धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी मी एकटा खाणं शक्यच नव्हतं, दहा हात मधे यायचे. पुढे पुढे ती दहा जणांचंच करून आणायला लागली.

सातवीपर्यंत विषय मराठीतून होते. आठवीत गणित आणि विज्ञान इंग्रजीत गेलं, समाजशास्त्र हिंदीत. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत मी हुशारचा ढ झालो. गणित तेच, पण प्रश्न काय विचारलाय तेच कळेना. अंश म्हणजे न्यूमरेटर, छेद म्हणजे डिनॉमिनेटर, कर्ण म्हणजे हायपोटेन्यूज, लसावि म्हणजे एलसीएम. प्रकाशसंश्लेषणाच्या इंग्रजी शब्दाला तर मी आठवडा दिला. कच्च्या वहीच्या दोन स्तंभांत मी हे शब्द लिहीत गेलो, रोज दहा. मार्चपर्यंत वही भरली. पहिल्या पानावरचे शब्द तेव्हा वाचायची गरजच राहिली नव्हती, याचं मला फार अप्रूप वाटलं.

हिंदीचं आम्ही गृहीत धरलं होतं. ती काय, येतेच, सिनेमे बघतोच की. मग पुस्तकात ‘शिक्षा’ आली. सहा ते चौदा वर्षांच्या सर्व बालकांना ‘निःशुल्क और अनिवार्य शिक्षा’. वर्गात पाच मिनिटं हसू आवरेना. शिक्षा करायची ती करा, वर ती फुकट आणि सक्तीची! ‘संसार’ म्हणजे जग, ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न. मॅडम उत्तर प्रदेशच्या होत्या. त्यांना आम्ही का हसतोय ते समजायला दोन दिवस लागले, आणि समजल्यावर त्या आमच्यापेक्षा जास्त हसल्या. मराठीत ‘चेष्टा करू नका’ ऐकून आपण इतकी वर्षं या मुलांना निरुत्साही समजत होतो, म्हणाल्या.

प्रार्थनेच्या वेळी रोज कुणीतरी बातम्या वाचायचं, कुणी सुविचार, कुणी नवा शब्द. माझ्यावर इंग्रजी बातम्यांची पाळी आली तेव्हा एका लष्करी अधिकाऱ्याची बातमी होती. मी पाचशे मुलांसमोर खणखणीत आवाजात ‘कर्नल’ऐवजी ‘कोलोनेल’ वाचलं. पुढचं वर्षभर मला तेच नाव होतं. बारावीच्या निरोप समारंभातही एका सरांनी प्रेमाने तेच वापरलं.

नववीत मायग्रेशन. नवोदयची ही गोष्ट बाहेरच्यांना सांगितली की खरी वाटत नाही. नववीतली साधारण तीस टक्के मुलं वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यात पाठवतात. हिंदी पट्ट्यातल्या एका विद्यालयाशी जोडी ठरलेली असते, तिथली मुलं इकडे येतात, इकडची तिकडे जातात. माझं नाव यादीत आलं. आई म्हणाली, “आधीच लांब हाय, आणखी किती लांब?” 2008 च्या उन्हाळ्यानंतर आम्ही वीस-बावीस जण दोन शिक्षकांबरोबर रेल्वेने उत्तर प्रदेशात गेलो. आमच्या पेट्या आमच्या, पण आमच्या कॉट आता तिथल्या मुलांना मिळाल्या होत्या. आपल्या जागेवर कोण झोपत असेल, त्याला नळाचा टपटप आवाज कळला असेल का, असं काहीतरी मी गाडीत विचार करत होतो.

तिथं चार हाउसांची नावं तीच, घंटा तीच, उदयगिरीचा पिवळा तोच, पण आवाज सगळे नवे. पहिल्या रात्री पुन्हा छताकडे बघत पडलो. यावेळी मात्र काय करायचं ते ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी मागच्या पानावर नकाशा काढला. दहा दिवसांत भरला. अडचण वेगळीच होती. ते कुजबुजायचे तीही हिंदी मला आमच्या हिंदीसारखी ऐकू येत नव्हती, आणि न कळणाऱ्या भाषेतली कुजबुज हा सगळ्यात वाईट आवाज असतो. कान तिला सोडतच नाहीत. ती भाषा कळायला लागली त्याच सुमाराला अभ्यासही व्हायला लागला. पहिल्या थंडीत मी अंघोळ चुकवण्याचे सतरा उपाय शिकलो, त्यातले दोन पकडले गेले. डिसेंबर-जानेवारीतलं तिथलं धुकं आम्ही कधी पाहिलं नव्हतं. पीटीच्या मैदानावर समोरची रांग दिसायची नाही, नुसता पायांचा आवाज यायचा.

आणि एक मजा. हिंदी राज्यातल्या नवोदयात तिसरी भाषा म्हणून तीच शिकवतात, जिथून मुलं मायग्रेट होऊन येतात. म्हणजे तिथली पोरं शाळेत मराठी शिकत होती. आम्ही पोचलो तसे त्यांनी आम्हाला घेरलंच. गृहपाठ करून द्या. मला वाटलं, एवढंच ना. पहिल्याच प्रश्नाला मी आडवा. “भैया, पुस्तक ‘ते’ क्यों, वही ‘ती’ क्यों, और कागद ‘तो’ क्यों?” मला काय माहीत का. आम्ही कधी विचारलंच नव्हतं. ‘ळ’ म्हणायला शिकवताना एका मुलाच्या तोंडात मी शब्दशः डोकावून बघितलं, जीभ कुठे जाते ते. स्वतःची जीभ कुठे जाते हे त्याआधी आरशात बघावं लागलं. तो ‘बाळ’ला ‘बाल’ आणि मग सूड उगवल्यासारखा ‘कमल’ला ‘कमळ’ म्हणायचा. निदान दुसरं बरोबर निघालं. संध्याकाळच्या प्रेपला माझ्या बाकाभोवती चार-पाच जण बसायचे आणि त्यांना मराठी सांगताना मी व्याकरण शिकलो. शाळेत ते तीन वर्षं आधी शिकवून झालं होतं. त्या बदल्यात ते माझं हिंदीचं लिखाण तपासत, ‘की’ आणि ‘का’ लाल पेनाने दुरुस्त करत. माझ्या आयुष्यातला सर्वांत जास्त अभ्यास त्या वर्षी झाला, आणि तो बहुतेक सगळा मोठ्याने बोलून झाला.

दहावीला परत आपल्या शाळेत. माझी वरची कॉट मला परत मिळाली. नळ दुरुस्त झाला होता, त्यामुळे पहिले दोन दिवस झोप आली नाही. दहावीच्या वर्षाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सगळे अभ्यास करतात तसा केला. पहाटे तीनला उठणाऱ्यांची एक टोळी होती, मी चार दिवस त्यांच्यात जाऊन पाहिलं आणि पाचव्या दिवशी विज्ञानाच्या तासाला बाकावर डोकं ठेवून घोरलो. मला ते जमत नाही हे मान्य करून टाकलं. 2010 चा निकाल आमच्याच वर्षी सीबीएसईने टक्क्यांऐवजी श्रेणीत दिला. त्याचा सगळ्यात जास्त त्रास आबांना झाला. पारावर लोक विचारायचे किती टक्के पडले, आणि आबांना सांगावं लागायचं, “टक्के नाहीत, एबीसीडी दिलीया.” लोकांना वाटलं पोरगं बहुतेक नापास झालं.

बारावी 2012 मध्ये झाली. पेटी घेऊन बाहेर पडलो. पुण्याला बीएस्सी केलं, आणि नंतर स्पर्धा परीक्षेच्या नादी लागलो. कॉलेजची तीन वर्षं हॉस्टेलवर निभावली. खरी पंचाईत त्यानंतर आली. एका ओळखीच्या काकांनी मोठ्या मनाने त्यांच्या बंगल्याच्या गच्चीवरची खोली दिली. स्वतंत्र. टेबल, खुर्ची, दिवा, पंखा. खाली दोन म्हातारी माणसं, त्यांचाही आवाज नाही. काका म्हणाले, “इथं तुला कुणी डिस्टर्ब करणार नाही.” त्या खोलीत मी दोन महिने बसलो. पुस्तक उघडं, बोट ओळीखाली. एके दिवशी लक्षात आलं की मी मनात आकडे मोजतोय आणि दोनशे झाले की पान उलटतोय. अकरा वर्षांचा असताना केलेली लबाडी, ती आता बघायला कुणी नसताना आपोआप चालू होती.

दुसऱ्या दिवशी मी पेठेतल्या एका अभ्यासिकेत गेलो. दुसऱ्या मजल्यावर लांबट हॉल, पंखे, टेबलांच्या रांगा आणि मधे लाकडी पार्टिशनं. साठ-सत्तर पोरं-पोरी खाली मान घालून बसलेली. कुणीतरी पेनाचं टोपण वाजवत होतं. एक खुर्ची कुरकुरत होती. मागे कुणाच्या तरी पायाचा तालबद्ध ठोका चालला होता. मालक पावतीपुस्तक घेऊन माझ्याबरोबर फिरले आणि भिंतीकडचं एक टेबल दाखवून म्हणाले, “हे घ्या, आजच मोकळं झालंय. कोपरा आहे, आवाज येत नाही. याला मागणी असते.”

मी म्हटलं, “मधलं एखादं आहे का?”